माझ्या पाठीवरची तहानपूर लाइन

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे आणि सध्या आडवा पडलेलो आहे. ज्याने सगळा जन्म उभ्याने काढला, त्याला आडवं होणं किती जड जातं ते तुम्हाला कसं कळणार? तुम्ही तर रोजच आडवे होता. पण माझी तक्रार नाही. आज माझ्या पाठीवर एक अख्खं वाळवंट आहे. त्यात दोन स्टेशनं आहेत, एक डोंगर आहे, आणि अंगठ्याएवढ्या रुंदीच्या रुळांवरून धावणारी एक गाडी आहे. हसू नका. आधी ऐका.

माझा जन्म मिरजेच्या एका वखारीत झाला. सागवानाच्या पाच फळ्या, मागून तीन आडव्या पट्ट्या, लोखंडी कडी. उंची साडेसहा फूट, रुंदी पावणेतीन फूट. हे माप सांगून ठेवतो, कारण पुढे यावरून बरीच भांडणं झाली. मला माधवनगरच्या एका यंत्रमाग कारखान्याला बसवलं. आत चोवीस माग होते. ते एकदम सुरू झाले की माझ्या बिजागऱ्यासुद्धा थरथरायच्या. रस्त्यावरच्या माणसाला मात्र नुसती घरघर ऐकू यायची. मालक पाहुण्यांना कौतुकाने सांगत, हा दरवाजा आहे म्हणून गल्लीला झोप लागते.

रोज सकाळी मला उघडायचे ते दिलशाद मोमीन. ते कारखान्याचे जॉबर होते. म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारे. पण ते आधी माग बघायचे नाहीत, आधी ऐकायचे. डोळे मिटून उभे राहत आणि म्हणत, "सात नंबरचा धोटा डावीकडं अडतोय." जाऊन बघावं तर सुताची कांडी नेणारा तो धोटा खरंच तिथे अडलेला असायचा. घरात ते आपली दखनी बोलत, पण कामाचं बोलणं सगळं मराठीत. कारखान्याची भाषाच ती होती. त्यांचा मुलगा जाफर शाळा संपल्यावर त्यांच्याच हाताखाली शिकला. बापलेक एकाच मागाच्या दोन बाजूंना बसून काम करायचे आणि तासभर एक शब्द बोलायचे नाहीत. "पाना." "हं." झालं.

मग कारखाना बंद पडला. माग भंगारात गेले. दिलशादभाईंचं म्हणणं होतं, दोन माग आपण घरी लावू, बापलेक मिळून चालवू. जाफर म्हणाला, मागाचे दिवस गेले. त्याला आखातातल्या एका वाळवंटात रेल्वेमार्ग टाकायचं काम मिळालं होतं. घरात लय वाद झाला. ज्या दिवशी तो निघाला, त्या दिवशी दिलशादभाई सकाळपासून रिकाम्या कारखान्यात येऊन बसले आणि आतून कडी लावून घेतली.

जाफर आला. त्याने मला दोनदा थापटलं. "अब्बा, निघतो. गाडी आलीय."

माझ्या एका अंगाला लेक होता, दुसऱ्या अंगाला बाप. दिलशादभाई उठून आले होते. त्यांचा हात माझ्या कडीवर होता. जाफरचा तळवा बाहेरून माझ्या मधल्या फळीवर होता. मध्ये फक्त मी, सव्वा इंच जाडीचा. मित्रांनो, दरवाज्याला स्वतःहून उघडता येत नाही. मी पुष्कळ जोर लावून पाहिला. बाहेरचा हात निघून गेला, तरी आतला हात बराच वेळ कडीवर होता.

त्यानंतर तीन वर्षं बापलेक बोलले नाहीत. कारखान्याची इमारत पाडली तेव्हा मला कुणी घेईना, म्हणून दिलशादभाईंनी मला घरी आणलं आणि अंगणात भिंतीला टेकवून ठेवलं. ते स्वतः बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर पहारेकरी झाले. हत्यारांची पेटी पत्र्यावर टाकली. माझ्या खालच्या कडेला वाळवी लागली, वरच्या कडेवर कोंबडी बसायला लागली. दर शुक्रवारी जाफरचा फोन यायचा. फोन वाजला की दिलशादभाई अंगणात यायचे आणि माझ्यासमोर उभं राहून उगाच कपड्यांच्या दोरीची गाठ सोडायचे, परत बांधायचे.

आता रुक्सारची ओळख करून देतो. ती जाफरची धाकटी बहीण, नववीत शिकते. बोलायला लागली की थांबत नाही, आणि एकदा ठरवलं की मागे हटत नाही. या डिसेंबरात जाफरने आखातातून येणाऱ्या एका मिरजेच्या माणसाबरोबर खोकं पाठवलं. आत छोटे रूळ, एक वीजखटका, तीन डबे आणि एक इंजिन होतं. इंजिन त्याने जुनं घेतलं होतं आणि स्वतः उघडून, नीट करून पाठवलं होतं. अम्मीला फोनवर तो म्हणाला, कंपनी आणखी तीन वर्षांची सही मागतेय, महिनाअखेर सांगायचंय. अब्बा एकदा स्वतः बोलले तर सुट्टी टाकून घरी येतो. नाही बोलले तर सही करतो, मग तीन वर्षं येणं नाही.

अम्मीने दिलशादभाईंना दोनदा सांगून पाहिलं. ते उठून अंगणात आले.

रुक्सारने मात्र वेगळा विचार केला. शेजारच्या सृष्टीला ती माझ्यासमोरच म्हणाली, "अब्बांना गप्पा जमत नाहीत गं. कामाचं तेवढं बोलतात. मग आपण कामच काढायचं." भाऊ वाळवंटात रूळ टाकतो, तर आपण इथे एक वाळवंटातली लाइन करू, कुठल्याच नकाशात नसलेली. ती करताना अब्बांना हात घालावा लागेल आणि जाफरला विचारावंही लागेल. इतकं सगळं ठरवून तिने माझ्यावरची कोंबडी हुसकली, दोघींनी मला आडवं करून चार विटांच्या रांगांवर ठेवलं आणि वाळवी खरवडून काढली. दिलशादभाई कामावरून आले. त्यांनी बघितलं. "पडूनच हाय ते, काय करायचं ते करा," एवढंच म्हणाले.

मग सुरू झाली आखणी. जुन्या वर्तमानपत्रांचे कागद चिकटवून माझ्या मापाचा मोठा कागद केला आणि त्यावर दोघी पेन्सिलीने भांडायला लागल्या. रुक्सारला पाच स्टेशनं, तीन बोगदे, एक किल्ला आणि खजुराची बाग हवी होती. सृष्टी म्हणाली, हे वाळवंट आहे की सांगलीचा गणपतीपेठेतला बाजार? वळणाचं तर दुखणंच होतं. गाडी फार कमी जागेत वळवली तर डबे रुळावरून उतरत. माझी रुंदी पावणेतीन फूट, वळणाला अडीच फूट लागायचे. कडेला उरायची दोन-दोन बोटं. रुक्सार माझ्यावरच चिडली, की आणखी एक फळी असती तर काय बिघडलं असतं!

भांडण मिटवलं सृष्टीच्या आजोबांनी. आप्पासो हाके, आटपाडीकडचे धनगर. दर हिवाळ्यात ते मेंढरं घेऊन इकडे उतरतात. शेतकरी आपल्या रानात कळप बसवून घेतात, रानाला खत मिळतं. यंदा त्यांचा कळप बुधगावच्या शिवारात होता, म्हणून ते अधूनमधून नातीकडे यायचे. ते माझ्याशेजारी उकिडवे बसले, कागद बघितला आणि विचारलं,

"ही गाडी जाती कशापायी?"

"म्हणजे? फिरते की, गोल," रुक्सार म्हणाली.

"बाय, बिनकामाचं तर मेंढरूबी फिरत न्हाई."

त्या दिवशी लाइनला कारण मिळालं. गाडी पाणी नेणार. एका टोकाला सुकेवाडी, तिथे विहीर. दुसऱ्या टोकाला तहानपूर, तिथे माणसं. दुष्काळात मिरजेहून पाण्याची रेल्वे गेली होती, तशी ही रोजची. तीन स्टेशनं गेली, किल्ला गेला, खजुराची बाग तर आप्पासोंनी बोटानेच पुसली. मागचा अर्धा फेरा डोंगराआड लपवायचा, म्हणजे गाडी दिसेनाशी होते आणि लांबून आल्यासारखी परत येते. मधली सगळी जागा मोकळी. रुक्सारला ती मोकळी जागा बघवेना. काहीतरी ठेवू या, निदान एक उंट, असं ती म्हणत राहिली. आप्पासो म्हणाले, आमच्याकडं दोन गावांच्या मधी हेच तर असतंय. चढण कशी घ्यायची तेही त्यांनीच दाखवलं. मेंढरं टेकडी सरळ चढत नाहीत, कडेकडेने तिरकी चढतात. रूळ तसेच तिरके घेतले.

कागदाप्रमाणे माझ्यावर रूळ ठोकले गेले. पहिल्यांदा गाडी सोडली. सुकेवाडीजवळच्या सांध्यावर चाक दर फेऱ्याला खट् करायचं. मुलींना ते ऐकूच येत नव्हतं. घरात चहा पिणाऱ्या दिलशादभाईंना मात्र यायचं. दोन दिवस त्यांनी सहन केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मुली शाळेत गेल्यावर ते बाहेर आले, माझ्यासमोर बसले आणि सांध्याखाली पुठ्ठ्याची बारीक पट्टी सरकवली. तीन वर्षांनी ती बोटं माझ्या अंगावर आली होती. मग पत्र्यावरची पेटी खाली आली. कारखान्यातल्या जुन्या कांड्या बाहेर निघाल्या, त्यांची पाण्याची टाकी झाली. उरलेल्या सुताच्या तारा खांबांवरून ओढल्या गेल्या. रुक्सार घरी आली, सगळं बघितलं आणि शहाण्यासारखी काहीच बोलली नाही. फक्त इंजिनाला ते हात लावत नसत. ते पोरीने उचलायचं, पोरीने ठेवायचं.

राहिली होती वाळू. आप्पासो दोन दिवसांसाठी गावी जाऊन आले आणि येताना त्यांनी पिठाच्या पिशवीत माणगंगेच्या पात्रातली वाळू आणली. एसटीच्या कंडक्टरने विचारलं, आजोबा, काय आहे त्यात? हे म्हणाले, वाळवंट हाय, अर्धं तिकीट फाड. त्यांची बायको बनुबाई, तिने ती वाळू तीनदा चाळून, सुपात पाखडून दिली होती. विकतचा रंगीत भुसा मिळाला असता, पण आप्पासोंना वाटलं, पोरीच्या वाळवंटाला खरी वाळू हवी, आणि आपल्याइतकी खरी कुणाकडं असणार? मुलींनी फेविकॉलचं पाणी करून ती माझ्या पाठीवर बसवली. ऊन पडलं की मी चमकायचो. खोटं कशाला बोलू, मला माझाच अभिमान वाटला. दोन दिवस गाडी सुकेवाडी ते तहानपूर अशी धावली की शेजारची पोरं कुंपणावर चढून बघायची. रुक्सार म्हणाली, रविवारी अब्बांना गाडीजवळ बसवून भावाला दाखवते. महिना संपायला तेव्हा चार दिवस उरले होते.

रविवारी सकाळी इंजिन चढणीवर रेंगाळलं. मग गरम वास आला. मग ते थांबलं, ते थांबलंच.

रुक्सारने खटका फिरवला, डबे सोडले, रूळ पुसले. काही नाही. ती माझ्या कडेवर डोकं ठेवून रडली. मोठ्या तोंडाची पोर, पण रडताना आवाज नव्हता. आप्पासो आले होते, ते तसेच उभे. अम्मी दारात आली. शेवटी दिलशादभाई पुढे झाले. त्यांनी पेटीतून जुन्या स्पीकरचं चुंबक काढलं आणि माझ्या वाळूवरून हळूच फिरवलं. चुंबकाला काळी दाढी फुटली. बारीक, काळे लोखंडी कण. आपल्या काळ्या खडकाच्या वाळूत ते असतातच. डोळ्यांना दिसत नाहीत, सुपाने जात नाहीत. मोटारीतल्या चुंबकाने ते एकेक करून आत ओढून घेतले होते.

आप्पासोंनी फेटा काढून गुडघ्यावर ठेवला. "म्हंजी माझ्या वाळूनं मारलं व्हय पोरीचं इंजन."

"वाळूला काय म्हाईत, आप्पा, आत मोटार हाय ते," दिलशादभाई म्हणाले.

सगळ्यांचे डोळे त्यांच्या हातांवर होते. चोवीस माग सांभाळलेले हात. पण ते इंजिनाला लागेनात. जॉबर लोकांचा एक नियम असतो. दुसऱ्याने जुळवलेलं यंत्र त्याला विचारल्याशिवाय उघडायचं नाही. कुठला नट कशासाठी कसलाय, ते कसणाऱ्यालाच ठाऊक. जोर लावला तर चांगलंही मोडतं. आणि हे इंजिन कुणी जुळवलं होतं, ते अंगणात सगळ्यांना माहीत होतं.

"विचार त्याला," ते रुक्सारला म्हणाले. "झाकण कसं निघतंय ते."

रुक्सारने डोळे पुसले. "मी नाही विचारणार. मला त्यातलं कळत नाही. काहीतरी चुकीचं सांगेन आणि वायर तुटेल." असं म्हणून तिने फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि माझ्या पाठीवर, त्या मोकळ्या वाळूत ठेवून ती बाजूला सरकली.

घंटी वाजली. "हां, रुक्सार," जाफरचा आवाज माझ्या फळ्यांमध्ये उतरला.

तो दोनदा हॅलो म्हणाला. आता ठेवणार, असं वाटलं तेवढ्यात दिलशादभाईंनी घसा खाकरला.

"इंजनाचं झाकण खालनं निघतंय का वरनं?"

पलीकडे कुठेतरी वारा वाजत होता. मग जाफर म्हणाला, "खालनं. दोन स्क्रू हायत. मागचा आधी काढा, अब्बा. पुढचा आधी काढला तर वायर ताणती."

"मागचा आधी."

"व्हय."

स्क्रू निघाला. दुसरा निघाला. झाकण उचललं तर आत काळं साचलेलं.

"रॉकेलनं धुऊ?"

"न्हाई न्हाई, पलास्टिक जाईल. चिकटपट्टी घ्या. उलटी गुंडाळा काडीला आणि टिपत ऱ्हावा. घाई करू नका."

"मला सांगतोस व्हय घाई करू नको," दिलशादभाई म्हणाले, आणि अम्मीने पदर तोंडाला लावला.

ते कण टिपत राहिले. अर्धा तास गेला असेल. फोन चालूच होता. दोघं मध्येच बोलायचे. "आता दुसरी बाजू." "हं." मी डोळे मिटले असते, पण मला ते नाहीत. जाफरने विचारलं, वाळू कुठली घातली? आप्पासोंनी वाकून कबुली दिली, माझी हाय बाबा, चुकी माझी. जाफर हसला. म्हणाला, "आप्पा, हितलीबी तसलीच हाय. समद्यात शिरती."

दिलशादभाईंचा हात थांबला. "मग तुमी काय करता?"

"झाडतो, अब्बा. सकाळी रूळ झाडायचे. दुसऱ्या दिवशी परत तेवढीच वाळू. परत झाडायचे."

"रोज?"

"रोज."

दिलशादभाईंनी काडीवरच्या काळ्या कणांकडे बघितलं. मग फोनकडे. "तीन वरसं हेच करतोयस?"

"तीन वरसं."

त्यांनी झाकण बसवलं, पुढचा स्क्रू आधी, मागचा नंतर, न विचारता. चाकांना सुईच्या टोकाने तेल दिलं. इंजिन पहिल्यांदाच आपल्या हाताने उचललं आणि रुळांवर ठेवलं. रुक्सारने खटका फिरवला. इंजिन कुरकुरलं, हललं आणि तिरक्या चढणीवरून पाणी घेऊन तहानपूरला गेलं. फोनमधून जाफरला नुसता आवाज येत होता. त्याने तो पूर्ण फेराभर ऐकला.

"चढणीवर धाप लागतीय त्याला," तो म्हणाला. बापासारखाच, कानाने.

"लागतीय," दिलशादभाई म्हणाले. "चढ मला बी जास्तच वाटतोय. पण ह्यातलं तुला जास्त कळतं. येऊन बघ."

मग जाफर म्हणाला, "येतो अब्बा. आजच अर्ज टाकतो."

मित्रांनो, त्याला तेरा दिवस झाले. जाफरची सुट्टी मंजूर झालीय, पुढच्या महिन्यात तो येईल. आप्पासोंनी चुंबक फडक्यात गुंडाळून माझी वाळू दोन दिवस टिपली. त्यांचा कळप आता कऱ्हाडच्या बाजूला, मलकापुराकडे सरकलाय. जाताना त्यांनी मुठीएवढ्या तीन चिंध्यांच्या मेंढ्या माझ्या मोकळ्या जागेत ठेवल्या. रुक्सारने उंटाचा हट्ट सोडला.

एका लाकडाचं म्हणणं तुम्ही मनावर घ्यावं, एवढीच माझी विनंती आहे. तुमच्या घरी एखादी वस्तू चालेनाशी झाली, तर तिला लगेच भंगार म्हणू नका आणि तिच्यावर जोरही लावू नका. तिच्यात काय अडकलंय ते बघा. आणि ज्याने ती जुळवली असेल त्याला विचारा, मग त्याच्याशी तुमचं बोलणं असो वा नसो. वाळू रोज येते, मित्रांनो. कुणाच्याही रुळांवर येते. तिच्यावर रागावून काही होत नाही. ती झाडावी लागते.

आता मला गप्प राहू द्या. दिलशादभाई दाढीचा जुना ब्रश घेऊन बसलेत आणि ते सुकेवाडीपासून झाडत झाडत तहानपूरपर्यंत आलेत. तिथे मला गुदगुल्या होतात.